गाडीची पोर

३ मार्च
गावाकडून फोन. जुनं स्टेशन पाडणार, आठ-दहा दिवसांत. मोठी लाइन दुसरीकडून गेल्यापासून तिथं शेळ्याच बसतात, गेलं तर गेलं. पण आईनं ताट सरकवलं. "माझं माहेर पाडायलेत," म्हणाली. तिथल्याच बाकावर सापडली ती, चार-आठ दिवसांची. छोट्या गाडीतून उतरून कुणीतरी ठेवून गेलं, असं अख्खं गाव सांगतं. दर दिवाळीला त्या ओस फलाटावर पणती लावते. मला पूर्वी लाज वाटायची.

५ मार्च
आईचा एकच धोसरा. गाडी कुठून आली होती, कुर्डुवाडीकडून की लातूरकडून? एवढं कळलं तरी पुरे म्हणते. विचारायला आता एकटे कासीमबाबा उरलेत. तिथं पॉइंटमन होते, त्यांनीच तिला उचललं. रविवारी जाते. नाही तर जेवू द्यायची नाही मला.

८ मार्च, रवि.
बाबा खाटेवर. डोळे गेलेत, डोकं शाबूत. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचे, ते हातानं करून दाखवलं. आईचं विचारलं. तोच हात खाली घेत म्हणाले,
"त्या दिशी टोल दिलाच न्हाय बेटा. पूल वाहून गेलता. चार दिस गाडीच न्हवती."
"मग आई?"
"गावातलीच हाय. कुणाची ते इचारू नको. गाडीतून आली म्हणून म्याच उठवून दिलं. न्हाय तर जगू दिलं नसतं तिला."

येताना ओट्यावर म्हाताऱ्या बसलेल्या. एकीनं हटकलं, "गाडीच्या पोरीची लेक न्हवं का तू?" लहानपणी आईला हेच चिडवायच्या. यांतल्या एकीला तरी सगळं ठाऊक... संताप झाला नुसता. तरातरा निघाले.

९ मार्च
आईला सांगितलं, लातूरकडून. तोंडाला आलं ते बोलले. पोटभर जेवली.

१२ मार्च
पाडलं. चुलतभावानं फोटो पाठवला. आईनं पाहिला, फोन परत दिला. रडली नाही. पिशवी भरून तयार. एक नवं लुगडंही घेतलंय.
"लातूरला जाऊ. स्टेशनाजवळ घरोघरी इचारू. माय जिती असली तर तिला नेसवीन."
सकाळपासून चपला घालून दाराशी बसलीय. "आवर की गं," म्हणते. मी आत बसून हे लिहितेय. बाहेर गेले की काहीतरी सांगावंच लागेल.