थंड झालेल्या मुंडीबद्दल

चि. झान्दोस यास,

तराझहून ओराझदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझी पाठ कशी आहे? (खुर्ची एवढी महागाची, फिरते, मागे झुकते, तरी पाठ तुझीच दुखते. मी दुकानात उलट्या क्रेटवर बसून फ्रिज दुरुस्त करतो आणि ठणठणीत आहे. आपलं सहज सांगितलं.) परवा गावी जाऊन काकांना भेटून आलो. या वयातही घोड्यावर टांग टाकतात. तुझे वडील शंभर वर्षं जगोत, आणि ते जिवंत आहेत हे ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

कुल्याशआत्याच्या सत्तरीच्या जेवणाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. माझ्या मनात काही नाही. पण आत्याने तुला मानाच्या जागी बसवलं आणि मला, तुझ्या थोरल्या भावाला, दाराशी बुटांच्या ढिगाजवळ. मग मेंढ्याची वाफाळती मुंडी आली, तीही तुझ्यापुढे. ज्याचा बाप हयात आहे त्याने मुंडीला सुरी लावू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. पोरकं होऊन माणसाला जो एकच मान मिळतो, तोही तू अल्माटीहून येऊन घेतलास. मी आत्याच्या कानाशी लागलो, तर ती म्हणाली, "अरे, एवढ्या मोठ्या वित्त कंपनीत आहे तो. त्याला कसले नियम सांगतोस?" मी जळलो, झान्दोस. चांगलाच जळलो.

तुझ्या नोकरीचे फायदे मला तोंडपाठ आहेत, कारण तुझी वहिनी बिबिगुल ते मला रोज जेवताना वाढते. दातांचा खर्च कंपनीचा, पोहायचा तलाव फुकट, घराला स्वस्तात कर्ज, वर्षाअखेरीस बोनस. (माझे दोन दात गेले ते स्वखर्चाने.) तोटे मात्र त्या दिवशी कळले, आणि खोटं कशाला बोलू, फार गोड लागले. तू सुरी उचललीस आणि साहेबांचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी! "हो साहेब, लगेच साहेब" करत तू सुरीसकट अंगणात गेलास. मुंडी कापल्याशिवाय घास घ्यायचा नाही, म्हणून सगळं गणगोत हात धुऊन मांस-लाट्यांच्या बेशबारमाकच्या परातीभोवती बसून राहिलं, चरबी थिजेपर्यंत. हा तिथे करतो तरी काय, असं कुणीतरी विचारलं. जोखीम मोजतो, आत्या म्हणाली. कोणाची, म्हटल्यावर चहा ओतायला उठली.

शेवटी तुला आणायला मलाच धाडलं. तू गाड्यांच्या मागे उभा होतास, तोंड उतरलेलं. म्हणालास, "दादा, तुझ्या दुकानात माणूस लागतो का रे? आमच्याकडे सगळ्यांचे नंबर लावतात आणि तळातल्यांना घरी पाठवतात. शेजारच्या टेबलावरचा आजारी पडला की मला बरं वाटायला लागलंय."

मी तुला आत चल म्हटलं. (मला वाटायचं, हे असलं फक्त आम्हा तराझवाल्यांनाच वाटतं.) आत येऊन तू परात माझ्याकडे सरकवलीस. मी मुंडीचा कान कापून आत्याच्या सगळ्यात धाकट्या नातीला दिला, अगदी रीतसर. मांस रबरासारखं झालं होतं, तरी इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बघितलं मात्र कुणीच नाही. सगळे तुलाच विचारत होते, साहेब किती मोठे आहेत म्हणून.

तेव्हा थोरला भाऊ म्हणून सांगतो, सोड ती नोकरी. माणसाने सुखाने चार घास खावेत. दुसरा क्रेट मी धुऊन ठेवला आहे.

तुझा,
ओराझदादा

ता. क. मात्र राजीनामा माझ्या लेकीच्या, आक्बोताच्या लग्नानंतर दे. तुझ्या कंपनीचं नाव सांगूनच सोयरीक जमवली आहे. व्याह्यांनी तुझ्यासाठी मानाची जागाही ठरवली आहे. गळ्यातलं कार्ड घालूनच ये. मुंडीला हात लावू नकोस.

आणखी ता. क. लग्न उरकलं की नोकरी सोडून निघताना साहेबांना माझं नाव सांग. जोखीम वगैरे मला येत नाही. पण शेजारचा आजारी पडला की बरं वाटायचं, एवढंच काम असेल, तर मला काही शिकवावं लागणार नाही.