शिवणयंत्र आणि रंजिताची पाठ

गोंदिया
३ ऑगस्ट २००३

चि. अल्का हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि. येथील सर्व यथास्थित. तिकडील कुशल कळवावे.

मी नागपूरला प्रशिक्षणास गेलो असता रंजिता पंधरवडाभर कामठ्यास तुमच्याकडे राहिली, याबद्दल आभार. तथापि एक बाब स्पष्ट विचारणे भाग आहे. परतल्यापासून मुलीची पाठ दुखते. बसली की पोक काढते. दहा वर्षांच्या मुलीचे असे का व्हावे? ती रोवणीची गाणी गुणगुणते आणि बांधीत धानाची रोपे लावताना कोण कोणाच्या मागे पडले, हेही तिला ठाऊक आहे. ओसरीत बसणाऱ्या मुलीस हे कळत नाही. यंदा मजूर मिळत नाहीत, असे सासूबाई मला म्हणाल्या होत्या.

तुझी ताई असती तर तिनेच विचारले असते. रंजितास रोवणीत वाकवले की नाही, एवढेच कळवावे. समाधान न झाल्यास दिवाळीच्या सुट्टीत तिला पाठवणे मला शक्य होणार नाही.

स्नेह आहे तसाच ठेवावा.
रत्नपाल


कामठा
१० ऑगस्ट २००३

ती. भाऊजींस,
अल्काचा सविनय जयभीम. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणे, जावई कायले एवढे रागावून राहिले.

पोरीला आम्ही बांधीत उतरवलं नाही. ती बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसून गाणी ऐकायची. गाण्यानं कोणाची पाठ वाकत नाही. दिवसभर चिखलात राहिली असती तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असत्या. वकिलासारखं पत्र लिहिण्याआधी तिचे पाय तरी पाहायचे होते!

पाठ इथे आली तेव्हाच दुखत होती. विचारलं तर म्हणाली, पप्पा नवोदयच्या परीक्षेसाठी सतरंजीवर बसवतात. पुस्तक खाली अन् ती वरून वाकलेली, शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत. ताई असताना ती खुर्चीत बसून, शिलाई मशीनवर वही ठेवून लिहायची. ताई गेल्यावर तुम्ही मशीन तिच्या साडीनं झाकली अन् कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मग पोरगी काऊन बोलेल? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून चूप राहते.

तिला मशीनवर लिहू द्या. तुमच्यानं ते पाहवत नसेल तर मशीन इकडे पाठवा अन् तिला टेबल घ्या.

माया राहू द्या.
अल्का


गोंदिया
१७ ऑगस्ट २००३

चि. अल्का हिस,
सप्रेम जयभीम. मुलीच्या पायांवर चिखल्यांची खूण नाही, याची खात्री केली. रोवणीचा आरोप मागे घेतो.

परंतु पाठीच्या चौकशीत शिवणयंत्र कामठ्यास पाठवण्याची सूचना कशी शिरली? तुझ्या ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही सासूबाईंनी त्या यंत्राची विचारपूस केली होती, हे मी विसरलेलो नाही. तुमचा हेतू कळावा. मुलीस डॉक्टरांना दाखवल्याखेरीज मी काहीही ठरवणार नाही.

आईंना जयभीम.
रत्नपाल


कामठा
२३ ऑगस्ट २००३

ती. भाऊजींस,
सविनय जयभीम. पत्र ऐकून आईला फार लागलं. मशीनला तेल देत जा, गंजेल, एवढंच तिला त्या दिवशी सांगायचं होतं. मशीन तुमच्याच घरी राहू द्या. आम्हाला नको.

डॉक्टरकडे जाच. पण नुसती पाठ दाखवू नका. ती अभ्यासाला कशी बसते, ते बसवून दाखवा.

तुमचा राग मावळो.
अल्का


गोंदिया
१ सप्टेंबर २००३

चि. अल्का हिस,
सप्रेम जयभीम. डॉक्टरांनी रंजितास पुढे वाकवून मागून पाठ पाहिली. दोन्ही बाजू सारख्या आहेत. कण्यात दोष नाही, स्नायू थकले आहेत. नंतर तू सांगितल्याप्रमाणे ती अभ्यासास बसते तशी जमिनीवर बसली. डॉक्टर तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहू लागले. वही कोपराच्या उंचीवर हवी, पावलांना आधार हवा आणि प्रत्येक धड्यानंतर मुलीने उठून खेळले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. औषध दिले नाही. मी दोनदा विचारले.

बाजारातील टेबले मोठ्या माणसांच्या मापाची निघाली. म्हणून काल मी ती साडी काढून घडी केली. यंत्राचे डोके वर असल्याने वहीस जागा नव्हती. ते उघडावे लागेल, असे समजून मी पाना शोधत होतो. तेवढ्यात रंजिताने पट्टा उतरवला, डोके दुमडून यंत्राच्या पोटात घातले आणि वर फळी बसवली. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हते.

दिवाळीत ती येईल. तेव्हा धानाची कापणी सुरू असेल. तिला धुऱ्यापलीकडे जाऊ देऊ नये, ही विनंती मात्र कायम आहे. सासूबाईंनी माझे मागचे पत्र मनात ठेवू नये. तेल कुठे आणि किती द्यावे, ते त्यांना विचारून कळव.

सध्या ती खुर्चीत ताठ बसते. पाय जमिनीस पुरत नाहीत, म्हणून ते पायडलवर ठेवते आणि वाचताना पायडल हलवत राहते. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. अभ्यासाच्या वेळी असे करू नये, हे सांगण्यासाठी मी दोन वेळा उठलो. सांगितले नाही.

तुम्हा दोघींची माया आमच्यावर असू द्यावी.
रत्नपाल