चुलीवर कोण असते

सोमवार, १७ नोव्हेंबर ८६

खोटं बोलले! तेही देवापुढं दिवा लावून घराबाहेर पडलेल्या दिवशी.

नागपूरचे डॉक्टर जुन्या खोकल्याचा अभ्यास करून राहिले. चुलीच्या धुरानं छातीतल्या नळ्या आतून सुजतात काय, ते त्यांना पाहायचं आहे. म्हणून एका घरातल्या दोन बायांचे छातीचे फोटो काढतात. पांढुर्ण्याहून मी आणि माझी धाकटी जाऊ शकुंतला गेलो. खोकला तिला. मी नुसती जोडीला.

डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवलं. "चुलीवर कोण असते?"

"दोघी. पाळीपाळीनं." माझ्याच तोंडून निघालं!

शकुंतला बाजूलाच होती. पदर तोंडाला लावून खोकत राहिली.

चुलीवर तीच असते. नऊ वर्षांपासून. माझी पूजा-पोथी साडेदहापर्यंत, तोवर भाकरी होऊन गेलेल्या असतात. पोथी एखादे दिवशी नवालाच संपते. तरी बसून राहते. मला धूर सोसत नाही — मारुतीरायाला माहीत आहे, घरात कोणाला नाही.

गुरुवार, २०

डॉक्टरांचं पत्र आलं. घरातली पत्रं मीच वाचते, मॅट्रिक झालेली मी एकटी. सगळे ऐकायला बसले.

माझा फोटो साफ. शकुंतलाच्या नळ्यांच्या भिंती जाड दिसतात. पुढं लिहिलं होतं — 'दोघी सारखीच वर्षं एकाच चुलीवर आहेत, तेव्हा कारण धूर नसावा. आत दुसरंच काही असेल. सोमवारी नाकातून नळी घालून, छातीत औषध सोडून पुन्हा फोटो काढू.'

त्यातलं 'दोघी'चं वाक्य मी वाचलंच नाही. गाळलं.

तिचा नवरा गुणवंता हसून म्हणाला, "वयनी, तुमचा फोटो त आरशावानी निघाला! पूजेचं फळ आहे हे."

शकुंतला म्हणे, "मले बोलतानीच दम लागते. नाकात नळी घातल्यावर काय होईन वं माय?" मग उठून भाकरी टाकायला गेली.

मी थांबवलं नाही.

शुक्रवार, २१

तीन कार्डं फाडली. चौथ्यावर डॉक्टरांना खरं ते लिहून टाकलं. फार हलकं वाटलं. कार्ड मारुतीच्या पायाशी ठेवलं आहे. उद्या शनिवार — जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन मग टपालपेटीत टाकीन.

शनिवारी टाकलेलं कार्ड सोमवारी पोचत नाही. मला कळत नाही काय?

शनिवार, २२

दर्शन झालं. कार्ड घरीच विसरले. विसरले म्हणते!

रविवार, २३

शकुंतला देवघर पुसायला गेली, तिच्या हाती कार्ड लागलं. चौथी शिकलेली आहे, अक्षराला अक्षर लावत पूर्ण वाचलं. मी उंबऱ्यात उभी.

"हे टाकाची गरज नाही," म्हणे. "उद्या माह्यासंग चला, डॉक्टरले तोंडानं सांगा. पन हे काय लिवलं — 'मी कधीकधीच चुलीवर असते'? कधी, जाऊबाई? नऊ वर्षांतला एक दिवस सांगा मले."