कॅमेऱ्यावरचा टॉवेल

प्रिय आई,

पत्रं लिहिण्याचा माझा स्वभाव नाही, हे तुला ठाऊक आहे. तू गेल्यावरही मी चार ओळी लिहिल्या नाहीत. पण आज ऑफिसात जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात मालकाच्या मुलानं कॅमेरे लावलेत. एक माझ्या टेबलासमोरच्या कपाटावर. तो नागपुरात बसून आम्हाला बघतो आणि स्पीकरमधून बोलतोही. आज डबा उघडला, पहिला घास तोंडात, डाव्या हातात मोबाईल. तेवढ्यात आवाज आला, "मंगला मॅडम, मोबाईलमध्ये काय चालू आहे?" सगळ्यांच्या माना वळल्या. काय सांगणार होते? मी तुझी रिकामी खाट पाहत होते!

हो, तुझ्या खाटेजवळचा कॅमेरा अजून चालू आहे. पडदा हलला तरी मोबाईल वाजतो आणि मी उघडून बघते. मध्यंतरी तो बंद पडला, तर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं अडॅप्टर बदलला आणि खाटेकडे पाहून म्हणाला, "काकू, आजी तं नाई आता. कोणाले पाह्यता?" "तुम्ही तुमचं काम करा," म्हटलं. बिचाऱ्यानं पिशवी आवरली.

तू तरी काय कमी होतीस? फोन लावता येत नसे, पण कॅमेऱ्यासमोर गोळ्यांचं रिकामं पाकीट नाचवता येई! शेजारची बेबीबाई आली की तिला दटावायचीस, "हळू बोल वं, पोरगी पाहून राह्यली!" आणि लगेच मोठ्यानं, "मंगले, येतानी दही आणजो!"

फक्त जेवताना कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायचीस. तो केशरी, कडेला उसवलेला. मी इकडून मोबाईलवर ओरडायचे, "आई, टॉवेल काढ! पडलीस तर कळणार कसं?"

"जेवत्या माणसाच्या तोंडाकडे पाहू नाई, मंगले. दात काढून ठेवले मी."

"अगं, तुझ्या काळजीनंच लावलाय ना!"

आज मी त्या स्पीकरमधल्या साहेबांना विचारलं, जेवताना तरी हे कशाला? म्हणाले, "तुमच्याच सेफ्टीसाठी आहे, मॅडम."

नोकरी सोडू कशी? घर माझ्याच पगारावर चालतं. या वयात ती जुनी बी.कॉम.ची डिग्री घेऊन कुणाच्या दारात उभी राहू? आणि घरी आले तर तिथंही तेच. कुलूप उघडून आत पाय ठेवला की माझाच मोबाईल मला कळवतो, घरात कुणीतरी शिरलंय म्हणून!

तुलाही असंच कोंडल्यासारखं व्हायचं का गं? मग एकदा तरी कडाडून भांडायचंस माझ्याशी!

घरातला कॅमेरा संध्याकाळी काढून टाकला. ऑफिसातला माझ्या हातात नाही. पण तुझा टॉवेल धुऊन वाळत घातलाय. उद्या तो डब्याच्या पिशवीतून नेणार. स्टुलावर चढावं लागेल, चढेन. जेवण होईपर्यंत कॅमेऱ्यावर टाकेन, हात धुतले की काढेन. स्पीकर ओरडेल. ओरडू दे. मी ओरडायचे तेव्हा तू तरी कुठं काढायचीस?

शेवटचा घास खाल्ल्याशिवाय मीही काढणार नाही. हा तुला शब्द.

तुझीच,
मंगला