मागितलेलं पुस्तक हे नव्हे

सोमवार, ५ जानेवारी २०२६, स. ११.२०
आत्ता, या मिनिटाला. ग्रंथालयाचा शिपाई काळे खाली मुलाच्या, प्रशांतच्या दुकानात पुस्तक देऊन गेला, सून ते वर घेऊन आली. तीन महिने वाट पाहिली ती याची: समारंभाचं सूत्रसंचालन कसं करावं. निरोप समारंभ, हळदीकुंकू, पाहुण्यांचा परिचय, शेवटी चारोळ्या.
अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, फंक्शनल प्रोग्रामिंगमधून संगणकशास्त्र शिकवणारं पाठ्यपुस्तक. यांनी वाचलं फंक्शन आणि प्रोग्राम.

मंगळ. ६
ग्रंथपाल सोनवण्यांना फोन. "बाई, फंक्शनचा प्रोग्राम म्हनल्यावर हेच की. लई मागणी हाय याला. तुमाला मुद्दाम कोरी प्रत काढली."
सांगितलं, हे फंक्शन गणितातलं. एक संख्या आत घातली की ठरलेली दुसरी बाहेर येते ते. मग म्हणाले, "बरं, पन ग्यादरिंग कधी हाय?"
नवा अर्ज घेत नाहीत. बाहेरून मागवायचं पुस्तक सभासदाला वर्षात एकच. माझ्या नावापुढे 'पुरवठा झाला' पडलंय.

गुरु. ८
खुब्याचं हाड जोडून पाच महिने. डॉक्टर जिना उतरू देत नाहीत. सतरा पायऱ्या. वडवणीचा बाजार खिडकीतून ऐकायचा, भाजी सून आणेल ती खायची.
डिसेंबरात प्रशांतने संगणकाचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. तिसऱ्याच पानावर x = x + 1. एकतीस वर्षं शाळेत मुलींच्या गणिताच्या वहीत अशा ओळीवर लाल फुली मारली. म्हणे संगणकात चालतं. चालत असेल. मला हवंय ते पुस्तक, ज्यात x काय ते एकदा सांगितलं की शेवटपर्यंत तेच राहतं. तशी आहेत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात. फोनवरही आहेत, पण मोतीबिंदू काढल्यापासून फोनवरची अक्षरं मुंग्यांसारखी हलतात.

रवि. ११
सुनेने नामजपाची वही आणून दिली. मन रमेल म्हणे. बिचारी वाईट नाही. पण रमवायचं कुणाला आहे?
काल 'गॅलरी' हा शब्द आठवेना. तीनदा. "ते बाहेरचं, कपडे वाळत घालायचं" असं म्हणाले. सून हसली, मीही हसले. खुब्याच्या ऑपरेशनपासून हे चाललंय. कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी एखादी अवघड व्याख्या झटापट करून समजून घेतली की त्या दिवशी शब्द जागेवर असतात. घरातली गणिताची पुस्तकं मला पाठ आहेत. त्यात झटापट उरली नाही. म्हणून…

शुक्र. १६
शिपाई काळे ते पुस्तक परत न्यायला आला. खालूनच जात होता, हाक मारून वर बोलावला. रजिस्टर काखेत होतंच. उघडायला लावलं.
ता. ५. 'मागणीप्रमाणे पुस्तक मिळाले.' पुढे सही. प्रशांतची.
काळे म्हणाला, "बाई, तुमी वर व्हत्या. मंग सायबानीच केली." सतरा पायऱ्या चढायला याला कुणी प्लॅस्टर घातलं होतं?
संध्याकाळी प्रशांतला विचारलं. आधी आठवत नाही. मग आठवलं, पण वाचलं नव्हतं. मग, "आई, सोनवणे सर रोज दुकानावर येतात. का म्हणून वाकडं घ्यायचं त्यांच्याशी? तुला वेळच घालवायचा ना, कुठलं का पुस्तक असंना."
कुठलं का असंना.
आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, वाचल्याशिवाय सही करू नका. मी यालाही तेच शिकवलं होतं. जेवले नाही. सुनेने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

मंगळ. २०
पत्र लिहिलं. हाताने, दोन प्रती. काळे वर येऊन घेऊन गेला, पोच माझ्यासमोर लिहून दिली. प्रशांत दुकानात निघाला तेव्हा त्याला सांगितलं, तो "ठीक आहे" एवढंच म्हणाला. नक्कल:

मा. अध्यक्ष, ग्रंथालय समिती यांस,
दि. ५ जानेवारीची सही माझी नाही. मी लिहू-वाचू शकते, शुद्धीवर आहे, आणि माझ्या वतीने सही करण्याचा अधिकार मी कुणालाही, मुलालाही, दिलेला नाही. 'पुरवठा झाला' ही नोंद रद्द करून माझी मूळ मागणी विद्यापीठाकडे पाठवावी. पाठवणार नसाल तर कोणत्या नियमाने, ते कळवावे. उत्तर शुक्रवार, दि. ३० जानेवारी, सायं. ५ च्या आत लेखी हवे. फोन, तोंडी निरोप आणि दुकानावरचे बोलणे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. पाकिटावर माझे नाव असावे, आणि ते वरच्या मजल्यावर माझ्याच हातात द्यावे.