जवसाच्या चटणीचा हॉट डॉग

दवनीवाडा,
१४ डिसेंबर २०२४

चि. सौ. योगेश्वरी हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी सौ. मी पहिल्यांदाच लिहितो आहे, तेही लग्नाला चार वर्षे झाल्यावर. जावई चंद्रशेखररावांना नमस्कार सांग.

इकडचे ठीक. धान मळून झाले. म्हैस व्याली, पारडी झाली. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतो कोण.

लिहायला बसलो ते हॉट डॉगबद्दल. हसू नकोस. तू जातीबाहेर लग्न केलेस म्हणून मी घरात तुझे नाव बंद केले, तरी तुझी आई दर मंगळवारी शेजारच्या अल्काच्या फोनवरून तुझ्याशी बोलायची. मला ठाऊक होते. रात्री जेवताना ती 'अल्का सांगत होती' म्हणून तुझ्या नागपूरच्या हॉट डॉगच्या गाडीवरचे सगळे मला ऐकवायची आणि मीही मुकाट्याने ऐकायचो. अमेरिकेत एका शहरात हॉट डॉगवर टोमॅटो सॉस मागितला तर लोक नाक मुरडतात. इंदूरला गोल पावात घालून तुपात शेकतात. आपले पूर्वज माळव्यातले, म्हणून तो आपल्या घराण्याचा हॉट डॉग, असे तिचे म्हणणे. नागपूरकर वर तर्री मागतात, म्हणजे त्यांना काही कळत नाही. तिचा आवडता मात्र एकच, तू जवसाची चटणी घालून करतेस तो. डोळे दाखवायच्या निमित्ताने नागपूरला येऊन तुझ्या गाडीवर दोन खाऊन गेली होती, हे तिने मला आजारपणात सांगितले.

ऑक्टोबरात गोंदियाच्या दवाखान्यात ती अठरा दिवस होती. अन्न तुटले होते. एके दुपारी म्हणाली, हॉट डॉग खाईन. मी बाजारभर फिरून एक आणला, घरून नेलेली जवसाची चटणी माझ्या हाताने भरली. तिने एक घास घेतला आणि बाजूला ठेवला.

"हा पोरीच्या हातचा नाही," म्हणाली. "तिले बलावा ना."

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो. अल्काने लिहून दिलेला तुझा नंबर खिशातच होता. तू जावयाला घेऊन येशील, आत समाजाची माणसे बसली आहेत, ती काय म्हणतील, एवढेच डोक्यात होते. पाच मिनिटे तसाच उभा राहिलो आणि परत आत गेलो.

फोन लागला नाही, असे मी गावाला सांगितले. ती गेल्याचे तिसऱ्या दिवशी कळून तू दारात आलीस, तेव्हा तुलाही तेच सांगितले. मी फोन लावलाच नव्हता. पण एवढेच असते तर ते मनात ठेवून मेलो असतो.

तिने विचारले होते, "काऊन येऊन नाही राहिली?"

मी म्हणालो, "नाही म्हणते. गाडीवर गिऱ्हाईक आहे म्हणे."

त्यानंतर ती चार दिवस होती. रोज दाराकडे पाहायची. शेवटच्या सकाळी माझा हात धरून म्हणाली, "पोरीवर राग नका धरू. गिऱ्हाईक सोडून कशी येईन ती?"

पोरी, तू यायला नाही म्हणालीस असे समजून ती गेली, आणि जातानाही माझ्याजवळ तुझीच बाजू घेत होती. मी तेव्हाही खरे बोललो नाही.

खाली 'तुझा बाबा' असे लिहायला हात धजत नाही.

चुन्नीलाल