कॉम्प्युटर विकायचा नाही: हरणाबाई यादव यांची शेवटची व्यवस्था

मी अजून जिवंत आहे, दोन्ही वेळा जेवते, आणि माझा मुलगा जयराज याने माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे. ते गिऱ्हाईक परवा आलं, कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं आणि गेलं. मी समोर खुर्चीत बसले होते. मला नमस्कारसुद्धा केला नाही. म्हणून आज हे लिहिणं आलं.

आता रीतीप्रमाणे. मी हरणाबाई आकाराम यादव, वय एकाहत्तर, धंदा भरतकाम, राहणार माधवनगर, शिक्षण चौथी, तीही अर्धी. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन भांडून बघावं. हे लिहायला मला कोणी धमकावलेलं नाही, तेवढी छाती इथं कुणाची नाही. सगळं त्याच कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप केलं आहे. आधी कधी मृत्युपत्र केलं नाही आणि पुन्हा करायला मला सवड नाही.

कलम पहिलं. कडेगावच्या उसाच्या रानातला माझा वाटा जयराजला. मला ऊस कळत नाही, त्याला भरतकाम कळत नाही, तेव्हा इथं वाद नाही.

कलम दुसरं. माझ्या पाटल्या सूनबाई विजयमाला हिला. तिनं मला कधी उलटून उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर घरात बोलायला कुणीतरी मिळालं असतं, पण ते आता राहू दे.

कलम तिसरं, आणि हे नीट वाचा. माधवनगरचा दुकानाचा गाळा, भरतकामाचं मशीन, त्याला जोडलेला कॉम्प्युटर, दोघांमधली वायर आणि दोऱ्यांची कपाटं माझी नात संयोगिता जयराज यादव हिला. एकटीला. गाळा आणि मशीन माझ्या कमाईचं आहे, वाडवडिलांचं त्यात काही नाही.

कारण लिहिते, म्हणजे मागनं कुणी म्हातारीला फितवलं म्हणायला नको. आमचं मशीन कोटावर, बिल्ल्यावर, टोपीवर नाव भरतं. नाव कसं भरायचं ते त्याला कॉम्प्युटर वायरीतनं सांगतो. जुना कॉम्प्युटर मेला तेव्हा जयराजनं नवा आणला, सगळ्यांकडं असते तसली विकतची सिस्टीम घातलेला. मशीन गप्प. सांगलीचा कॉम्प्युटरचा दुकानदार बघायला आला आणि म्हणाला, "मावशी, मशीन भंगारात द्या."

"मशीनला काय झालंय?"

"मशीन चांगलं हाय वं. पण नवी सिस्टीम त्याला वळखत न्हाई."

"मग सिस्टीम बदल की रं. मशीन कशाला बदलू?"

तो हसला, जयराज हसला. संयोगिता हसली नाही. तिनं दोन दिवस बसून त्याच कॉम्प्युटरवर फ्रीबीएसडी नावाची सिस्टीम घातली. ही फुकट मिळते, आणि तिची शिवण उसवून आत कसं शिवलंय ते कुणालाही बघता येतं. आमच्या पेठेत ती दुसऱ्या कुणाकडं नाही. संयोगितानं वायर खुपसली, पडद्यावर एक ओळ उमटली आणि मशीननं सुई हलवली. मी पेढे वाटले. शेजारच्या साळूबाईला दिला नाही. का, ते तिला ठाऊक आहे.

ह्या सिस्टीमची खूण म्हणजे लाल रंगाचं, शिंगं-शेपटीचं एक पोर, हातात काटा घेतलेलं. ते बघून जयराज म्हणाला, "आई, दुकानात भूत बसवलंस व्हय?"

मी म्हणाले, "बसलंय तरी काम करतंय. तू नुसताच बसतोस."

भूत सगळं ऐकतं असं नाही, हेही लिहिते. कॉम्प्युटरच्या आतलं वायफाय त्याला ओळखता येत नाही, म्हणून खिडकीतून केबल घेतली आहे. जयराजनं हौसेनं आणलेल्या भारी प्रिंटरकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही. लोणंदच्या बाजारातनं आणलेला जुना, जड प्रिंटर मात्र पहिल्या दिवसापासून छापतो आहे. तो भारी प्रिंटर मी जयराजला देते. त्याच्यावर झाकायला विणलेला रुमालही देते.

आता मागल्या खंडेनवमीचं. कडेगावच्या बँडवाल्यांचे लाल कोट आले होते, पाठीवर सोनेरी नाव भरायचं, दसऱ्याला त्यांना वाजवायला उभं राहायचं. सकाळी जयराजनं हत्यारांची पूजा मांडली. कात्री, मशीन, सगळ्याला हळदकुंकू. कॉम्प्युटरवर तर त्यानं मूठभर अक्षता टाकल्या आणि वर झेंडूचं फूल. दुपारी कोट लावला तर मशीन हलेना. पडद्यावर वायरीचं नावच नाही.

जयराजला कोण आनंद! "बघ आई! पूजा झाली आन् भूत पळालं!"

त्यानं तिथंच कॉम्प्युटर विकायला एका गिऱ्हाइकाला फोन लावला. बँडमास्तर दारात डोक्याला हात लावून बसला. संयोगिता म्हणाली, "पप्पा, जरा सरका." तिनं बॅटरी धरून वायरीच्या भोकात बघितलं आणि माझ्याकडं सुई मागितली. आतनं कुंकू लागलेला एक तांदूळ निघाला. तो तिनं बापाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "हे घ्या तुमचं भूत." मशीन चालू झालं. दसऱ्याला बँडवाले नवे कोट घालून आधी आमच्या दारात वाजवून गेले. मी खुर्चीतनं उठून नाचले. साळूबाईनं बघितलं, बघू दे.

जयराज वाईट नाही. त्याचा हिशेब असा, की कॉम्प्युटर गेला की मशीन अडकेल, मशीन अडकलं की पोरगी पुण्याला नोकरीला जाईल. त्याला वाटतं इथं राहून तिचं वाया जाईल. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आजी, मला हितंच करायचंय. लय मज्जा येती." तिचं मन उद्या बदललं तर तिनं मशीन विकावं, पुण्याला न्यावं, काहीही करावं. पण ठरवायचं तिनं, बापानं नाही.

जून महिन्यात शाळांचे बिल्ले असतात. तेव्हा सिस्टीम नवी करायच्या भानगडीत पडू नये. पुढं पूजा जरूर करावी, पण भोकांवर आधी चिकटपट्टी लावून.

क्रांती वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात एवढं बोलत नसतात." मी म्हणाले, मेल्यावर मग कधी बोलू? त्या हसत साक्षीला बसल्या.

वरचं सगळं मी वाचलं, मला पटलं, म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते. अंगठा नाही, सही.

हरणाबाई आकाराम यादव

साक्षीदार: ॲड. क्रांती बनसोडे, माधवनगर
साक्षीदार: कपिल माने, बँडमास्तर, कडेगाव

ठिकाण: माधवनगर, जि. सांगली
दिनांक: १६ मार्च २०२५

सहीनंतर एक हुकूम राहिला, तोही दोघांनी बघितला आहे. मी गेले त्या दिवसापासून दुकानाचा फोन संयोगितानेच उचलायचा. जयराजने हात लावायचा नाही. तो "आई गेली" म्हणून रडत बसेल आणि गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. संयोगितानं एवढंच सांगायचं: "काम चालू हाय. शुक्रवारी न्या."